नांगरावर उभ्या असलेल्या होडीचे रात्रीचे डोलणे कमी कसे करावे?

किनारवाट यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमची होडी मूळची मासेमारीची, लाकडी, ३६ फूट लांब आणि जवळजवळ १२ फूट रुंद आहे. पाणी आणि डिझेल भरल्यावर तिचे वजन नऊ टनांच्या आसपास जाते. जाळी ओढण्याचे यंत्र काढून तिथे आम्ही दोघांपुरती झोपण्याची खोली केली आणि गेली तीन वर्षे ऑक्टोबरपासून मेपर्यंत मी आणि माझी पत्नी रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याने तिच्यातून हिंडतो. दिवसाच्या प्रवासाबद्दल काहीच तक्रार नाही. अडचण रात्रीची आहे, आणि तीही होडी चालत नसताना, नांगरावर उभी असताना येते.

परवाचेच उदाहरण देतो. हर्णैला सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात आम्ही संध्याकाळी पाच वाजता नांगर टाकला. वायव्येचा खारा वारा चांगला होता, होडी वाऱ्याकडे नाळ, म्हणजे पुढचे टोक, करून उभी होती आणि नाळ थोडी वरखाली होण्यापलीकडे काही जाणवत नव्हते. रात्री दहाच्या सुमारास वारा पडला. आता शांत झोप लागेल असे वाटले, आणि नेमकी तेव्हापासून होडी या कुशीवरून त्या कुशीवर डोलू लागली. टॉर्च लावून पाहिले तर पाणी तेल ओतल्यासारखे गुळगुळीत होते, लाट अशी डोळ्यांना दिसतच नव्हती. तरीही कपाटातली ताटे प्रत्येक हेलकाव्याला एका बाजूला सरकत होती आणि त्यांचा आवाज पहाटेपर्यंत थांबला नाही. पत्नीला बोट लागली. ती इंजिनाच्या पेटीला पाठ टेकून तीन वाजेपर्यंत जमिनीवर बसून होती. तिला या प्रवासाची माझ्याइतकीच आवड आहे, पण अशा रात्री वारंवार आल्या तर ती येणे बंद करील आणि मग मलाही एकट्याने जाण्यात रस उरणार नाही. म्हणून हा प्रश्न मी मनापासून विचारतो आहे.

मी दोन गोष्टी करून पाहिल्या आहेत. खोलीत गवंड्याचा ओळंबा टांगला आणि त्याची दोरी ५७ सेंटिमीटर ठेवली, म्हणजे टोक एक सेंटिमीटर सरकले की साधारण एक अंश झाला असे धरता येते. त्या रात्री तो दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटिमीटर जात होता. दुसरे असे की, गेल्या पावसाळ्यात होडी वर ओढलेली असताना, ती जड झाली की कमी डोलेल या समजुतीने मी तळाशी ४०० किलो काळ्या दगडाचे नीरम, म्हणजे तळाला ठेवायचे वजन, भरले. त्यापूर्वी दहा पूर्ण हेलकाव्यांना ५० सेकंद लागत. आता ४६ लागतात, आणि हेलकाव्याच्या टोकाला झटका बसतो तो पूर्वी बसत नव्हता. माझे काय चुकले, आणि आता काय करावे?

नौकास्थापत्य, वास्को

नमस्कार. आपण हेलकाव्यांचा वेळ मोजलात हे फार चांगले केलेत, कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या आकड्यांतच आहे.

प्रत्येक होडीला, झोपाळ्याला असतो तसा, स्वतःचा एक ठेका असतो. कोकणातल्या घरातला जड झोपाळा लहान मूलसुद्धा मोठ्या झोक्यावर नेऊ शकते, ते जोराने ढकलते म्हणून नाही, तर झोपाळा परत येण्याच्या नेमक्या क्षणी थोडेसे ढकलत राहते म्हणून. आपल्या होडीचा ठेका ४.६ सेकंदांचा आहे. आपल्या किनाऱ्यावर थंडीच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसांत एकाच वेळी तीन प्रकारच्या लाटा येत असतात. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडून येणारी फार लांब लाट बारा सेकंदांच्या पुढची असते. इराणच्या आखाताकडे आणि अरबस्तानच्या किनाऱ्याकडे शमाल नावाचे वारे सुटले की काही दिवसांनी त्यांची लाट वायव्येकडून आपल्याकडे पोहोचते, ती साधारण सहा ते आठ सेकंदांची असते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिचा चांगला अभ्यास केला आहे. तिसरी लाट म्हणजे दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने जवळच उठवलेली, तीन ते पाच सेकंदांची. वारा पडला म्हणून ती लगेच मरत नाही. पाण्याच्या पृष्ठावरची बारीक खरखर जाते, त्यामुळे समुद्र तेलासारखा दिसतो, पण खालची लाट पुढे काही तास येतच राहते. माझ्या मते त्या रात्री आपल्याला हीच लाट नडली.

आकड्यांत सांगतो. पाच-सहा मीटर पाण्यात ४.६ सेकंदांची लाट सुमारे २८ मीटर लांब असते. तिची उंची फक्त पाव मीटर असेल तर पाण्याचा उतार जेमतेम दीड अंश होतो आणि तो अंधारात कोणालाही दिसणार नाही. पण लाटेचा आणि होडीचा ठेका जुळला की तोच दीड अंश वाढत वाढत आठपट होऊ शकतो, म्हणजेच आपल्या ओळंब्यावरचे बारा सेंटिमीटर. ही वाढ कुठे थांबते हे पाण्याच्या अडथळ्यावर ठरते. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्यांनी १८६१ मध्ये जहाजांच्या डोलण्याविषयी जे मांडले, त्याचा गाभा हाच आहे: जहाज मोठ्या लाटेने जितके डोलते त्यापेक्षा ठेका जुळलेल्या लाटेने अधिक डोलते.

आता दगडांविषयी. वजन खाली ठेवले की होडीची मेटासेंट्रिक उंची, म्हणजे तिच्या सरळ होण्याच्या जोराचे माप, वाढते; कललेली होडी अधिक जोराने सरळ होऊ पाहते, म्हणून ठेका जलद होतो आणि झटका बसतो. होडी ताठ झाली, स्थिर झाली नाही. ढोबळ सूत्राने पाहिले, तर रुंदीला ०.८ ने गुणून त्याला हेलकाव्याच्या सेकंदांनी भागायचे आणि आलेल्या संख्येचा वर्ग करायचा. आपल्या होडीची रुंदी ३.६ मीटर धरली, तर दगडांपूर्वी ही उंची सुमारे ०.३३ मीटर होती आणि आता सुमारे ०.३९ मीटर आहे. मासेमारी नौकांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत एका डेकच्या नौकेसाठी ०.३५ मीटर ही किमान मर्यादा धरली आहे. आपली होडी त्या नियमांच्या आकाराइतकी मोठी नाही, तरी मोजपट्टी म्हणून तो आकडा उपयोगी आहे. सूत्र ढोबळ असल्यामुळे दुसऱ्या दशांशावर विसंबू नये, परंतु मला आपल्याला कळकळीने सांगायचे आहे की झटका बसतो म्हणून ते दगड काढू नका. खोली बांधताना वरचे वजन वाढले असावे आणि दगडांनी ती उणीव भरून निघाली आहे. फक्त ते मोकळे ठेवू नका, फळ्या मारून जखडून ठेवा, कारण होडी कलली आणि दगड एका बाजूला घरंगळले तर ती परत सरळ होणार नाही. ठेका लांबवण्यासाठी छपरावर सामान ठेवण्याचा सल्ला कोणी देईल, तोही मानू नका.

उपाय दोनच दिशांनी शोधता येतो. होडी लाटेला आडवी पडू द्यायची नाही, किंवा आडवी पडली तरी पाण्याचा अडथळा वाढवायचा. पहिला उपाय स्वस्त आहे, तो आधी करा.

वारा असताना होडी वाऱ्याकडे तोंड करते, आणि लाटही त्याच वाऱ्याची असल्यामुळे ती नाळेवर येते. वारा पडल्यावर होडी भरती-ओहोटीच्या ओढीप्रमाणे उभी राहते. ती ओढ आपण म्हणता त्या पाण्यात बहुधा किनाऱ्याला समांतर, दक्षिणोत्तर असणार, आणि लाट पश्चिमेकडून कुशीवर येणार. अशा वेळी एक जाड नायलॉनचा दोर घ्या, तो पिछाडीच्या खुंट्याला बांधून होडीच्या बाहेरून, सगळ्या कठड्यांच्या बाहेरून, नाळेपर्यंत आणा आणि नांगराच्या साखळीला हुकाने अडकवा. मग साखळी आणखी दहा-बारा मीटर सोडा. आता होडीचा भार नाळ आणि पिछाडी अशा दोन ठिकाणी वाटला जातो आणि ती ओढीला तिरपी उभी राहते. लाट ज्या बाजूने येते तिच्या विरुद्ध बाजूच्या पिछाडीला दोर बांधायचा, म्हणजे नाळ लाटेकडे वळते. दोर किती आवळायचा हे ओळंब्याकडे पाहत ठरवावे. एक इशारा मात्र देतो: होडी ओढीला आडवी धरली की नांगरावरचा भार दसपटीने वाढू शकतो. ताशी एक सागरी मैलाच्या ओढीत आपल्या होडीवर तो दीडशे किलोच्या घरात जाईल, आणि ओढ दुप्पट झाली तर चौपट होईल. म्हणून उधाणाच्या दिवसांत फार आडवी धरू नका, आणि नांगर नीट रुतला आहे याची खात्री अंधार पडण्यापूर्वीच करून घ्या.

तांडेलकन्या

वरचे उत्तर वाचून मला वडिलांची आठवण झाली, कारण ते दगडांना हात लावू नका हे एवढेच सांगत, कारण मात्र सांगत नसत.

मी त्याच किनाऱ्यावरची आहे म्हणून जागेविषयी लिहिते. सुवर्णदुर्गाचा आडोसा दिसतो तेवढा पुरा नाही. बेटाच्या दोन्ही टोकांना वळसा घालून लाट आत येते आणि मधल्या पाण्यात दोन बाजूंच्या लाटा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे किल्ल्याच्या अगदी मागे असूनही होडी डोलते. आमच्याकडचे लोक वाऱ्यापासून आडोसा आणि लाटेपासून आडोसा यांत फरक करतात. आपण नांगर टाकताना पाच वाजताचा वारा पाहिलात, पण रात्री अकराला काय असेल ते पाहायला हवे होते. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज रोज मिळतो, त्यात लाटेची उंची, दिशा आणि सेकंद असे तिन्ही दिलेले असतात. मी तर उंचीच्या आधी दिशा वाचते.

लाट जास्त असेल त्या रात्री तिथे थांबूच नये हे माझे प्रामाणिक मत आहे. अगदी जवळ आंजर्ल्याची खाडी आहे, परंतु तिच्या मुखाशी वाळू साचलेली आहे आणि तिथे होड्या उलटल्या आहेत, त्यामुळे माहितगार माणूस बरोबर असल्याशिवाय आणि भरतीचे पाणी असल्याशिवाय आत शिरू नका. उत्तरेला बाणकोटची खाडी आणि दक्षिणेला दाभोळची खाडी या दोन्ही ठिकाणी आत गेल्यावर समुद्राची लाट लागत नाही. दिवस मावळण्यापूर्वी पोहोचण्याइतका वेळ हाताशी ठेवला, तर तास-दोन तासांचा जादा प्रवास एका जागरणापेक्षा नक्कीच बरा.

आणखी एक गोष्ट. माझ्या आजोबांची होडी लहान होती आणि तिला उलांडी होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: होडीच्या एका बाजूला दोन वाकड्या दांड्यांच्या टोकांना हलक्या लाकडाचा एक लांब ओंडका बांधलेला असतो आणि तो पाण्यावर तरंगत राहतो. होडी त्या बाजूला कलू लागली की ओंडका पाण्यात दबतो आणि तिला वर लोटतो. उलट बाजूला कलू लागली की त्याचेच वजन तिला खाली खेचते. नांगरावर उभ्या असलेल्या उलांडीच्या होडीत आजोबा दुपारी निवांत झोपत. पुढे वडिलांनी इंजिनाची मोठी होडी घेतली तेव्हा आजोबा तिच्यात एकच रात्र झोपले आणि सकाळी म्हणाले, "हिला हात नाहीत." होडीच्या काठापासून दूरवर पाण्याला धरून ठेवणारे काहीतरी हवे, हे त्यांना त्यातून म्हणायचे होते असे मला वाटते.

डोलकाठी

मी माझ्या २८ फुटी शिडाच्या होडीला पिछाडीला दुसरा नांगर टाकतो आणि माझा अनुभव चांगला आहे. नाळ लाटेकडे करून दोन्ही नांगर ताणले की होडी हलतच नाही, वारा कुठूनही येवो. दोर जुळवत बसण्याची गरज नाही. पिछाडीला एक लहान शीड घट्ट ताणून ठेवले तर वारा असताना तेही डोलणे आवरते. वारा पडल्यावर मात्र त्याचा काही उपयोग नाही, आणि आपली तक्रार वारा पडल्यानंतरचीच आहे.

तांडेलकन्या

दुसऱ्या नांगराविषयी मी सहमत नाही, निदान हर्णैसाठी तरी नाही. तिथे आजूबाजूला मासेमारीच्या होड्या एकाच नांगरावर असतात आणि पाणी वळले की सगळ्या एकदम फिरतात. जी होडी दोन नांगरांवर खिळलेली असते ती फिरत नाही, आणि मग इतरांच्या होड्या तिच्यावर येतात. पहाटे मतलई वारा सुटतो तो जमिनीवरून, आणि प्रत्येक वेळी सरळ पूर्वेकडूनच येईल असे नाही. तो कुशीवर आला तर दोन्ही नांगरांवर आडवा ताण येतो. मोकळ्या खाडीत, आसपास कोणी नसताना, खाली चिखल असताना दुसरा नांगर जरूर टाकावा, पण त्याच्या दोराला तरंगता डबा बांधून ठेवावा, म्हणजे वेळ आली तर दोर सोडून देता येतो आणि नांगर नंतर उचलता येतो.

डोलकाठी

गर्दीच्या बंदराचा मुद्दा मान्य आहे. मी बहुतेक वेळा एकटा उभा असतो, त्यामुळे ते माझ्या लक्षात आले नव्हते.

किनारवाट

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत त्याबद्दल आभार. दगड जागेवरच ठेवतो आणि येत्या रविवारी त्यांच्यावर फळ्या ठोकतो. ताई, आपल्या आजोबांचे वाक्य मी पत्नीला वाचून दाखवले आणि ती लगेच म्हणाली की आपण हिला हात लावून देऊ. एवढ्या मोठ्या होडीला उलांडी बांधता येणार नाही हे समजते, पण दोन्ही बाजूंना दांड्या काढून त्यांच्या टोकांवरून पाण्यात फळ्या सोडतात असे मी छायाचित्रांत पाहिले आहे. सर, ते आम्हाला घरी करता येईल का, आणि माप काय ठेवावे? काठावरूनच बादल्या सोडल्या तर चालेल का, असेही एका मित्राने विचारले आहे.

नौकास्थापत्य, वास्को

घरी करता येईल, आणि तांडेलकन्या यांनी सांगितलेले वाक्य या सगळ्या प्रकाराचे मर्म सांगते.

बादल्यांपासून सुरुवात करतो. बादली वर ओढताना पाणी अडवते हे खरे, पण हेलकावा खाली येतो तेव्हा ती पुरेशा वेगाने बुडत नाही, दोर सैल पडतो आणि पुढचा अर्धा हेलकावा तो सैलपणा भरून काढण्यातच जातो. त्याहून मोठी चूक म्हणजे काठावरून सोडणे. काठ मध्यरेषेपासून १.८ मीटरवर आहे. दांडी काढून तेच अंतर ३.६ मीटर केले, तर हेलकाव्यात त्या टोकाचा वेग दुप्पट होतो, पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने म्हणजे चौपट होतो, आणि तरफ दुप्पट असल्यामुळे एकूण परिणाम आठपट होतो. फळी मोठी करण्यापेक्षा दांडी लांब करणे केव्हाही फायद्याचे.

फळी १८ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायवुडची, ७० बाय ७० सेंटिमीटर, अशा दोन घ्याव्यात. चार कोपऱ्यांतून सारख्या लांबीचे चार दोर काढून वर एका कडीत आणावेत. एका कडेला आठ-दहा किलो वजन बोल्टने बसवावे. हेलकावा खाली येताना ती जड कड आधी झुकते, फळी कोयत्यासारखी पाणी कापत खाली जाते. वर ओढली की चारही दोर ताणले जातात, फळी आडवी होते आणि पाणी अडवून धरते. वजन कमी पडले तर ती बादलीसारखीच वागेल. फळी पाण्याखाली अडीच-तीन मीटरवर राहावी आणि ओहोटीच्या तळालाही तिच्याखाली दीड मीटर पाणी उरावे, त्यासाठी त्या रात्रीचे भरती-ओहोटीचे कोष्टक आधी पाहावे. दहा अंशांच्या हेलकाव्यात अशा एका फळीवर सुरळीत ओढीचाच भार किमान २३ किलो येतो, झटक्याचा त्याच्या कित्येक पट येऊ शकतो, म्हणून दांडी आणि तिची बांधणी दीडशे किलो सहज पेलेल अशी करा. फळीचा दोर मात्र दांडीपेक्षा आधी तुटेल एवढाच जाड ठेवा.

दांडीसाठी माणग्याचा जून बांबू चालेल, तो जवळजवळ भरीव असतो. नसेल तर दोन इंची लोखंडी पाईप घ्या. दांडीचे आतले टोक डोलकाठीच्या बुंध्याशी किंवा काठावर फिरत्या कडीत बसवावे, बाहेरचे टोक डोलकाठीच्या माथ्यावरून एका दोराने उचलून धरावे, आणि एक दोर नाळेकडे, एक पिछाडीकडे असा ताणावा. यांतला एकही दोर गाळू नये. पाणी वळताना फळी मागेपुढे ओढली जाते आणि मोकळी दांडी होडीच्या काचेवर येऊन आदळते, हे मी पाहिले आहे.

यातून डोलणे शून्य होणार नाही. निम्म्यावर आले तरी यश समजा. झोपणाऱ्याच्या दृष्टीने बारा अंश आणि सहा अंश यांत मोठे अंतर आहे.

पुढच्या जून-जुलैत होडी वर ओढाल तेव्हा तळ आणि बाजू यांच्या वळणावर, दोन्हीकडे, साडेतीन मीटर लांब आणि १५ ते २० सेंटिमीटर रुंद अशी फळी कायमची बसवून घेण्याचा विचार करा. तिला बिल्ज कील म्हणतात. ती नांगरावर असताना थोडा आणि चालताना बराच फायदा देते. वेगाने फिरणाऱ्या जड चाकाने डोलणे आवरणारी जायरोस्कोपची यंत्रे हल्ली लहान नौकांसाठीही मिळतात आणि ती उत्तम चालतात, पण रात्रभर वीज लागते, म्हणजे जनरेटरचा आवाज आला, आणि किमतीत आपल्यासारखी दुसरी होडी येईल. पाण्याच्या टाकीने डोलणे कमी करण्याचे प्रयोग आपल्या होडीवर मुळीच करू नका. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी कललेल्या बाजूला धावते आणि मेटासेंट्रिक उंची आणखी कमी करते, आणि आपल्याकडे ती आधीच बेताची आहे. बिल्जमधले, म्हणजे होडीच्या तळाशी साचलेले, पाणीही याच कारणाने रोज उपसून टाकावे.

ओळंब्याबाबत एक सूचना आहे. तो शक्य तितका खाली, पाण्याच्या पातळीजवळ टांगा. छताजवळ टांगलेला ओळंबा होडीच्या हालचालीमुळे प्रत्यक्षापेक्षा जास्त अंश दाखवतो.

तांडेलकन्या

दांड्या काढून झोपणार असाल तर दिव्याकडे लक्ष द्या. नांगरावरच्या होडीला चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लागतोच, पण पहाटे तीन-चार वाजता बाहेर पडणारे तांडेल त्या दिव्यावरून होडी १२ फूट रुंद असेल असे धरतात, २४ फूट नाही. दांड्यांच्या टोकांना पांढरे कापड गुंडाळा आणि खोलीच्या छपरावरून त्यांच्यावर मंद उजेड पडेल असे करा. येण्याजाण्याच्या वाटेवर असाल तर दांड्या काढूच नका.

किनारवाट

सहा आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण त्याआधी सांगण्यासारखे हातात काही नव्हते.

दगडांवर सागाच्या फळ्या ठोकल्या. ओळंबा खाली आणला तेव्हा बाराचे साडेदहा झाले, म्हणजे सरांनी सांगितले तसा तो जास्त दाखवत होता. दोन फळ्या दापोलीच्या एका सुताराकडून करून घेतल्या. वजनासाठी जुन्या इंजिनाचे बेअरिंग आणि नट एका पट्टीवर बसवले, ते आधी सहा किलो होते आणि तेवढ्यात फळी लवकर बुडत नव्हती, म्हणून वाढवून दहा केले. माणग्याच्या दांड्या ताईंच्या गावाकडच्या एका ओळखीच्या माणसाने निवडून दिल्या. त्याने प्रत्येक बांबू गुडघ्यावर ठेवून वाकवून पाहिला आणि दहांतले दोन घेतले.

गेल्या आठवड्यात आम्ही मुद्दाम हर्णैलाच, पण इतर होड्यांपासून दूर किनाऱ्याकडच्या बाजूला, नांगर टाकला. भांगाचे दिवस होते, ओढ कमी होती. वारा पडेपर्यंत काही केले नाही. साडेदहाला होडी दक्षिणेकडे नाळ करून उभी राहिली आणि ओळंबा नऊ-दहावर जाऊ लागला. लाट उजव्या हाताने, पश्चिमेकडून येत होती, म्हणून डाव्या पिछाडीचा दोर साखळीला हुकाने अडकवला आणि साखळी बारा मीटर सोडली. होडी पाच-सहा मिनिटांत हळूहळू पश्चिमेकडे वळली आणि ओळंबा तीनवर आला. नाळ वरखाली होत होती, पण त्याने झोप मोडत नाही. फळ्या मी अजून पाण्यात सोडल्याच नव्हत्या.

एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. पाणी वळल्यावर ओढ उलटी होईल आणि दोर पुन्हा दुसऱ्या बाजूला बांधावा लागेल असे मी धरले होते. प्रत्यक्षात होडी नांगराच्या दुसऱ्या बाजूला गेली तरी तिची डावी कूसच नांगराकडे राहिली, त्यामुळे ती पूर्वेकडे नाळ करून उभी राहिली आणि लाट पिछाडीवर आली. पिछाडीखाली पाण्याची थोडी थपथप ऐकू येते, डोलणे मात्र नाही. अडचण मधल्या अर्ध्या तासाची होती. पाणी थबकलेले असताना दोराला ताणच राहत नाही, होडी वाटेल तशी फिरते आणि काही काळ लाटेला पुरती आडवी होते. तेवढ्या वेळात दोन्ही फळ्या खाली होत्या आणि ओळंबा पाचच्या वर गेला नाही. दोर सैल असताना तो सुकाणूत अडकू नये म्हणून मी त्याच्या मध्यावर दोन किलोचे वजन अडकवले आहे, ते त्याला सरळ खाली बुडवून ठेवते.

पत्नी साडेअकराला झोपली आणि पाणी वळले तेव्हा जागी झाली नाही. ताटे मात्र थोडी वाजत होती, म्हणून सकाळी तिने प्रत्येक दोन ताटांच्या मध्ये जुन्या साडीची घडी घातली. पुढच्या आठवड्यात दाभोळला जाणार आहोत. ताई, खाडीत शिरल्यावर पहिल्या मुक्कामाला तळाशी चिखल कुठे लागतो आणि खडक कुठे, एवढे सांगाल का?

तांडेलकन्या

सांगते, पण इथे लिहून ते नीट कळणार नाही. ओहोटीला निघू नका, भरती लागल्यावर मुखाशी या आणि तिथून मला फोन करा. माझा भाऊ त्याच पाण्यात जाळी टाकतो, तो पुढे होडी घेऊन येईल आणि जागा दाखवील.